मशीन घेताना

गेल्या दसऱ्याला आमच्या दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या एक ताई माझ्याकडे आल्या. हाती यजमानांचा बोनस. म्हणाल्या, "वहिनी, शिवणाचे मशीन घेते आहे. चार ब्लाउज शिवले की धाकटीच्या शिकवणीची फी निघेल. कुठले घेऊ?"

मी म्हटले, "मशीन मागाहून. दौंडात ते दुरुस्त कोण करतो, ते आधी बघा."

हे शहाणपण मला फुकट आलेले नाही. माझे पहिले मशीन मी वरची सोनेरी नक्षी पाहून आणि स्वस्त मिळते म्हणून पुण्याहून आणले. ऐन लग्नसराईत त्याचे शटल अडले. त्या मापाचे शटल गावात मिळेना. मशीनचे डोके गोणपाटात गुंडाळून पाऊणशे किलोमीटर गाडीने नेले! आमचे 'हे' अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात.

तेव्हा दुकानात जाताना आपले कापड न्यावे, दुकानदाराचे नव्हे. एक तुकडा मलमलीचा, एक जाड खादीचा. वर तांबडा दोरा, बॉबिनमध्ये पांढरा. आधी चाक हाताने सावकाश फिरवा. मध्येच अडता कामा नये. मग दोन्ही कापडांवर टीप घाला. वरच्या बाजूस पांढरे ठिपके दिसले तर वरचा दोरा फार ताणलेला. खाली तांबडी वेटोळी आली तर फार सैल. स्क्रू फिरवून दुकानदाराने ते तिथल्या तिथे जुळवून दाखवावे. जमले नाही, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

विजेचे घ्यावे का? वीज जाते तेव्हा पायाचे मशीन चालू राहते, आणि साध्या काळ्या मशीनला मोटर मागाहूनही बसते. मात्र साडीला पिको करून देण्याचा विचार असेल तर ते सरळ टीपेच्या मशीनवर होत नाही. त्याला सुई आडवी हलणारे झिगझॅगच हवे. हे आधी ठरवा.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला होता, असे मी ताईंच्या यजमानांना सांगितले. ते खर्चाला कुरकुरत होते.

ताईंनी काळे पायमशीन घेतले. पहिला ब्लाउज माझाच शिवला. बाही जरा घट्ट झाली, पण टीप अगदी सरळ आहे.