रसद कोणासाठी?

“बॉम्ब वाईटच, पण नियोजन कसे होते पाहा!” १९४६ साली पॅसिफिक महासागरातील बिकिनी या कंकणद्वीपावर अमेरिकेने केलेल्या अणुचाचण्यांचा विषय निघाला की आपल्यातील सुशिक्षित मंडळींकडून असे उद्गार ऐकू येतात. आम्हांला या ‘पण’विषयीच बोलायचे आहे.

नियोजन अचाट होते, हे आम्ही नाकारीत नाही. जानेवारी १९४६ मध्ये व्हाइस ॲडमिरल विल्यम ब्लँडी यांच्या हाताखाली भूदल, नौदल व शास्त्रज्ञ यांचे संयुक्त दल उभे राहिले आणि सहा महिन्यांच्या आत, १ जुलैला, पहिला स्फोट झाला. सुमारे ४२,००० माणसे, दीडशेवर विमाने, आणि लक्ष्य म्हणून नांगरलेली नव्वदांवर जहाजे धरून २४० च्या आसपास जहाजे तेथे जमली. शेकडो कॅमेरे होते, किरणोत्सर्ग मोजणारी हजारो उपकरणे होती. स्फोटाचा परिणाम पाहण्यासाठी शेळ्या, डुकरे व हजारो उंदीर नेले. त्यांच्यासाठी ‘बर्लसन’ नावाचे एक अख्खे जहाज राखून ठेवले होते. शेळ्यांना चारा लागतो, उंदरांना दाणे लागतात, हे कोणा अधिकाऱ्याच्या ध्यानात होते आणि त्याने ते लिहून ठेवले होते.

आता त्याच बेटावरच्या माणसांकडे वळू. ती होती अवघी १६७. पंथाने प्रॉटेस्टंट, आठवडाभर मासेमारी करणारी आणि रविवारी देवळात येणारी. १० फेब्रुवारी १९४६ च्या रविवारी उपासना आटोपल्यावर मार्शल बेटांचे लष्करी गव्हर्नर कमोडोर बेन वायट यांनी त्यांना एकत्र बसवले. मानवजातीच्या कल्याणासाठी व युद्धे कायमची संपावीत म्हणून तुम्ही तात्पुरते बेट सोडाल का, असे त्यांनी विचारले. वर दाखला दिला तो प्रभूने शत्रूपासून सोडवून वचनदत्त देशात नेलेल्या इस्राएली प्रजेचा! राजा अहाबाने नाबोथाचा द्राक्षमळा मागताना निदान बायबल पुढे केले नव्हते. मोबदल्यात दुसरा मळा किंवा रोख पैसा देऊ केला होता. बिकिनीचे प्रमुख जूदा यांनी सारे देवाच्या हाती सोपवून होकार दिला. पुढे हा प्रसंग चित्रपटासाठी पुन्हा वठवण्यात आला. माणसाची संमतीसुद्धा मनाजोगी टिपली जाईपर्यंत मागायची, ही आम्हांला त्या साऱ्या मोहिमेतील सर्वांत निर्लज्ज गोष्ट वाटते.

७ मार्चला त्यांना जहाजात घालून सुमारे २०० किलोमीटरवरील रोंगेरिक बेटावर उतरवले. सोबत काही आठवड्यांचा शिधा दिला. तेथे माडांचे उत्पन्न तोकडे, पाणी अपुरे. दोनच महिन्यांत त्यांनी घरी परत नेण्याची विनंती केली, ती कोणी ऐकली नाही. जानेवारी १९४८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ लिओनार्ड मेसन तेथे पोहोचले तेव्हा त्यांना उपासमारीने खंगलेली माणसे दिसली. वायटसाहेबांच्या दाखल्यातील इस्राएलांना अरण्यात मान्ना तरी मिळाला होता. ४२,००० माणसांचे जेवण चुकू न देणारी व्यवस्था १६७ माणसांच्या शिध्यापाशी नेमकी कशी चुकली?

नोव्हेंबर १९४६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एक समारंभ झाला. अणुस्फोटाच्या ढगाच्या आकाराचा केक तयार केला होता, आणि ॲडमिरल ब्लँडी व त्यांच्या पत्नीने तो हसतमुखाने कापला. छायाचित्र वृत्तपत्रात आले, तेव्हा त्याच शहरातील ऑल सोल्स चर्चचे पाळक पॉवेल डेव्हिस यांनी व्यासपीठावरून त्याचा कडाडून निषेध केला. ते युनिटेरियन, त्यांच्या ईश्वरज्ञानाशी आमचे मुळीच जमणार नाही. परंतु त्या रविवारी ते बोलले आणि किती कॅथलिक व्यासपीठे मूक राहिली असतील, या विचाराने आम्हां धर्मगुरूंना ओशाळे व्हायला हवे.

सामान्य खलाशांना आम्ही दोष देत नाही. २५ जुलैच्या पाण्याखालील स्फोटानंतर किरणोत्सर्गी झालेल्या जहाजांवर त्यांना साबण-पाणी देऊन घासायला लावले. ते विष घासून जाणारे नव्हते. सुरक्षाप्रमुख कर्नल स्टॅफर्ड वॉरन यांनी अखेर आग्रह धरला, तेव्हा १० ऑगस्टला ते काम थांबले. वॉरन नियोजकांपैकीच एक. म्हणजे आतला माणूस ‘नाही’ म्हणू शकत होता.

मग ‘हुकमाचे ताबेदार’ या सबबीला काय किंमत उरते? ज्याने जहाजांचे वेळापत्रक आखले त्याने बॉम्ब टाकला नाही. ज्याने बॉम्ब टाकला त्याने माणसे हलवली नाहीत. ज्याने माणसे हलवली त्याच्याकडे पुढच्या वर्षीच्या शिध्याचे खाते नव्हते. प्रत्येकाची वही चोख, आणि उपाशी माणूस कोणाच्याच वहीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात अंध आज्ञाधारकपणाची सबब फेटाळली, ती अशाच वह्यांना उद्देशून आहे असे आम्ही मानतो. आपण प्रत्येक मिस्साच्या आरंभी केवळ कृतीने केलेल्या पापांची नव्हे, तर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ती काय केवळ घरगुती चुकांपुरती?

आणि हे अज्ञान होते असे कोणी म्हणू नये. १९४६ मध्ये खबरदारी म्हणून रोंगेलॅपचे लोकही हलवले होते. १ मार्च १९५४ रोजी बिकिनीवर १५ मेगाटनांचा ‘ब्राव्हो’ हा बॉम्ब फोडला, तेव्हा मात्र त्यांना जागेवरच ठेवले. किरणोत्सर्गी राख त्यांच्या घरांवर, पाण्यावर, मुलांच्या अंगावर पडली. त्यांच्याही पलीकडे, रोंगेरिकवर, हवामान नोंदवणारे २८ अमेरिकन होते. त्यांना २ मार्चला उचलले. रोंगेलॅपसाठी जहाज आले ते ३ मार्चला.

बिकिनीच्या लोकांना नोव्हेंबर १९४८ मध्ये किली बेटावर नेले. त्याचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरही नाही. भोवती प्रवाळाने अडवलेले शांत पाणी नाही. वर्षातील कित्येक महिने होडी लोटता येत नाही. १९७० च्या दशकात काही कुटुंबे ‘आता धोका नाही’ या सरकारी आश्वासनावर बिकिनीला परतली. १९७८ मध्ये त्यांच्या शरीरात सीझियम वाढल्याचे आढळले आणि त्यांना पुन्हा जहाजात चढवण्यात आले.