लंगोट स्वस्त, श्रम फुकट

तान्ह्या बाळाचे लंगोट हा राजकीय चर्चेचा विषय होऊ शकतो असे म्हटले, तर पुष्कळ कार्यकर्त्यांना हसू येईल. परंतु श्रमाचे मोल हा ज्यांच्या विचाराचा पाया आहे, त्यांनी महाड-पोलादपूरकडील एखाद्या डोंगरवाडीवर बाळंतिणीच्या घरात डोकावून पाहावे.

जुन्या सुती लुगड्याचे, धुऊन धुऊन मऊ झालेले फडके लंगोटाला सर्वांत चांगले, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. एकदा वापरून फेकावयाच्या डायपरच्या मानाने ते जवळजवळ फुकट, आणि त्याचा प्लास्टिकचा कचराही होत नाही. म्हणूनच कापडी लंगोटाकडे परतण्याचा सल्ला आता शहरांतही दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. त्याचा हिशेब मात्र अपुरा आहे.

नवजात बालकाला दिवसाकाठी दहा-बारा लंगोट सहज लागतात. ते नुसते पाण्यातून काढून भागत नाही. मळ आधी संडासात टाकावा लागतो, फडके थंड पाण्यात भिजत घालावे लागते, मग साबण लावून कढत पाण्यात धुवावे लागते आणि साबणाचा अंशही उरणार नाही असे दोन-तीनदा खळबळावे लागते. नाहीतर बाळाची कोवळी कातडी सोलवटते. शेवटी हवे कडक ऊन.

येथेच या भागाची अडचण सुरू होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात पावसाळ्यात पाणी असते, पण ऊन नसते. निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून किंवा चुलीवर दोरी बांधून लंगोट सुकवावे लागतात. धूर माय-लेकरांच्या छातीत जातो. ओलसर फडके तसेच गुंडाळले, तर बाळाच्या जांघा लाल होतात. एप्रिल-मेमध्ये ऊन मुबलक, पण पाणी आटलेले. अनेक वाड्या टँकरची वाट पाहतात. डोक्यावरून आणलेल्या हंड्यातले किती पाणी पिण्याला आणि किती लंगोटांना, हा हिशेब बाळंतिणीला किंवा तिच्या सासूला करावा लागतो. घरातील पुरुष बहुधा पोटापाण्यासाठी मुंबईला असतो. आणि घरी असला, तरी लंगोटाला हात लावीलच असे नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोज सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. या मिनिटांना राष्ट्रीय उत्पन्नात स्थान नाही. डायपर विकला की उत्पन्न वाढते. लंगोट धुतला की वाढत नाही. नफा कारखानदाराच्या पदरी पडतो, फेकलेला डायपर उचलणे सफाई कामगाराच्या वाट्याला येते. अशा स्थितीत ऐपत असलेल्या घराने डायपर घेतला, तर त्या मातेला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे?

याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो दलितांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचाच होता. पण ठरावाने ओंजळ भरली नव्हती. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने घरोघर नळाचे वचन दिले. मे महिन्यात कोरडा पडणारा नळ हाही कागदावरचा ठरावच होय.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक वाडीत बारमाही पाणी, धुण्यासाठी पाण्याच्या उगमापासून दूर बांधलेला ओटा, पावसाळ्यात कपडे सुकविण्यासाठी छपराची, वारा खेळता राहील अशी सामाईक जागा, या गोष्टी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आल्या पाहिजेत. एक मागणी मात्र सरकारकडे करावयाची नाही. समतेवर भाषण करून घरी परतलेल्या कार्यकर्त्याने बादलीत भिजत पडलेले लंगोट स्वतः धुवावेत. त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज नाही.