बंद लिफाफ्यातील नाव

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात ओळख पटविल्यावाचून माणसाचे पाऊल पुढे पडत नाही. कंत्राटी कामगाराला कारखान्याच्या दाराशी ओळखपत्र दाखवावे लागते. भाडेकरूची माहिती घरमालकाला पोलिसांकडे नोंदवावी लागते. मोठ्या गृहसंस्थांत धुणेभांडी करणाऱ्या बाईचे छायाचित्र व आधार क्रमांक घेतल्याखेरीज तिला फाटकातून आत सोडले जात नाही. या सर्व चौकशीचे समर्थन सुरक्षिततेच्या नावाने केले जाते, आणि ते सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. परंतु अनोळखी पुरुषाबरोबर बंद खोलीत एकटीने राहणे हाच ज्या कामाचा भाग आहे, त्या कामात मात्र समोरच्याचे खरे नाव जाणून घेण्याची कोणतीही सोय नाही. हे काम देहविक्रयाचे. विषय अप्रिय आहे. पण अप्रिय विषयाकडे पाठ फिरविल्याने त्यातील धोका कमी होत नाही.

या पट्ट्यातील परिस्थितीचे एक वैशिष्ट्य आहे. पुण्याच्या बुधवार पेठेत हा व्यवसाय एका जुन्या वस्तीत एकवटलेला आहे. तेथील पिळवणूक सर्वश्रुत आहे. तथापि भिंतीपलीकडे दुसरी बाई असते, हाक मारली तर ती कोणाच्या तरी कानी पडते. कारखान्यांबरोबर वाढलेल्या या पट्ट्यात, जेथे घरापासून दूर राहणाऱ्या हजारो पुरुषांची व मालमोटारींच्या चालकांची सतत ये-जा असते, तेथे व्यवहार भ्रमणध्वनीवर ठरतो आणि महामार्गालगतच्या एखाद्या लॉजमध्ये किंवा भाड्याच्या सदनिकेत पार पडतो. स्त्री एकटी जाते. तिला ठाऊक असते ते केवळ एक टोपणनाव आणि एक क्रमांक, जो उद्या बंद होऊ शकतो. विसंगती अशी की, लॉजच्या नोंदवहीत गिऱ्हाइकाचे नाव लिहिले जाते, त्याच्या आधारपत्राची छायाप्रतही गल्ल्यावर ठेवून घेतली जाते. म्हणजे ज्याला त्या नावाची काहीच गरज नाही त्या व्यवस्थापकाच्या खणात ते नाव पडून असते, आणि जिच्या जिवाचा प्रश्न आहे तिला मात्र ते ठाऊक नसते.

मग गिऱ्हाइकाने आपली ओळख तिलाच द्यावी, असे सरळ उत्तर सुचते. ते उत्तर पुरेसे नाही. नाव उघड झाल्यास नोकरी, संसार व प्रतिष्ठा यांवर गदा येईल ही पुरुषाची भीती काल्पनिक नव्हे. मोहात पाडून चित्रफीत काढायची आणि पुढे पैसे उकळायचे, अशा टोळ्यांच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या ‘अ‍ॅश्ली मॅडिसन’ या परदेशी संकेतस्थळावरील तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती २०१५ साली चोरांनी जगापुढे उघडी केली, तेव्हा शिक्षा केवळ त्या पुरुषांना झाली नाही. त्यांच्या पत्नींना व मुलांनाही ती भोगावी लागली. शिवाय कोणाची नावे कोणाजवळ साठली आहेत याला महत्त्व असते. दलालाच्या हाती पडलेली यादी ही सुरक्षिततेची नोंद राहत नाही. ती खंडणीचे भांडवल होते.

दोन्ही बाजूंचे भय खरे असले तरी ते समान नाही. एका बाजूला अब्रू आहे, दुसऱ्या बाजूला प्राण. तोलायचेच झाले तर प्राणाचे पारडे जड राहील, याविषयी दुमत होऊ नये. तरीसुद्धा गिऱ्हाइकाच्या गोपनीयतेची उपेक्षा केली तर स्त्रीची सुरक्षितताच ढासळते, असे अर्थशास्त्र सांगते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला घेऊन दाखवून दिले की, जेथे एका पक्षाला असलेली माहिती दुसऱ्याला नसते, तेथे चांगला माल बाजारातून निघून जातो आणि वाईट माल उरतो. मोटारी तयार करणाऱ्या आपल्या पट्ट्याला हा दाखला सहज समजावा. नाव उघडपणे मागितले तर अब्रूला जपणारा, निरुपद्रवी माणूस निघून जातो. ज्याच्या खिशात खोटे ओळखपत्र आहे तो बेधडक पुढे येतो. चौकशी करूनही वाईटच पदरात पडते.

यात दुसरा पेच स्पर्धेचा आहे. नाव विचारणारीला सोडून गिऱ्हाईक न विचारणारीकडे जाते. न विचारणारी कोण? जिला आज संध्याकाळी घरभाडे द्यायचे आहे ती. म्हणजे जी सर्वांत गरीब, तीच सर्वांत असुरक्षित. एकट्या हमालाला मजुरीचा भाव ठरविता येत नव्हता, म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला आणि नोंदणी व वेतन मंडळांकडे सोपविले. एकटीला जे परवडत नाही ते सर्वांचा नियम झाल्यावर परवडते, हे तत्त्व येथेही लागू पडते.

परंतु एकत्र येण्याच्या आड आपला कायदाच उभा आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियमाने प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने व एकान्तात केलेला देहविक्रय हा गुन्हा ठरविलेला नाही. मात्र दोन स्त्रियांनी परस्परांच्या लाभासाठी एकच जागा वापरली की त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ते वेश्यागृह होते. तिच्या कमाईवर अंशतः जरी कोणी प्रौढ व्यक्ती जगत असेल तरी ती गुन्हेगार. आणि जो तिच्या सहवासात नेहमी असतो तो तिच्या कमाईवरच जगतो, असे गृहीत धरण्याची तरतूद आहे. दलालाला व पिळवणूक करणाऱ्याला जरब बसावी हा हेतू स्तुत्य होता. परिणाम मात्र असा की, खोलीबाहेर थांबणारी मैत्रीण, ने-आण करणारा विश्वासू रिक्षाचालक किंवा पगारी राखणदार हे सारेच संशयित ठरतात. धोक्याच्या कामात कोणीही घेईल अशी पहिली खबरदारी म्हणजे सोबत. आणि तीच बेकायदा.

या प्रश्नाचा विचार इतरत्र झालेला आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये बेडफर्ड खटल्यात याच स्वरूपाच्या तीन तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. त्यांपैकी एकीमुळे सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकाशी बोलता येत नव्हते, आणि म्हणून तो मद्यधुंद वा हिंसक तर नाही ना हे आधी पारखता येत नव्हते. दुसरीमुळे राखणदार वा चालक ठेवता येत नव्हता. तिसरीमुळे स्वतःच्या सुरक्षित जागेत काम करता येत नव्हते. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने सेवा विकत घेणाऱ्यालाच गुन्हेगार ठरविणारा नवा कायदा केला, आणि वाद संपलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. न्यूझीलंडच्या २००३ च्या कायद्याने चार स्त्रियांपर्यंत एकत्र, कोणा मालकाशिवाय, काम करण्यास मोकळीक दिली. ब्रिटनमध्ये २०१२ पासून चालणाऱ्या एका योजनेत हिंसक गिऱ्हाइकाची खबर एका मध्यवर्ती संस्थेकडे देता येते. संस्था इतरांना सावध करते आणि खबर देणारीचे नाव तिच्या संमतीवाचून पोलिसांपर्यंत जात नाही.

यातून एक मार्ग दिसतो, आणि तो आम्हां शिक्षकांना अपरिचित नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवरील क्रमांक झाकलेला असतो. परीक्षकाला विद्यार्थी कोण हे कळत नाही. पण ती ओळख नष्ट केलेली नसते. ती तिसऱ्याच्या ताब्यात असते आणि ठरलेल्या कारणासाठी, ठरलेल्या वेळीच उघडली जाते. येथेही तसेच करता येईल. गिऱ्हाइकाची ओळख एका विश्वासार्ह संस्थेने पडताळावी व बंद लिफाफ्यात ठेवावी. स्त्रीला केवळ एवढेच कळावे की ओळख खरी आहे आणि या माणसाविरुद्ध पूर्वी हिंसेची तक्रार नाही. ठरलेल्या वेळी तिचा सुखरूप असल्याचा निरोप आला की काही दिवसांनी नोंद नष्ट करावी. निरोप न आल्यास किंवा तिने तक्रार केल्यास, आणि तेव्हाच, लिफाफा पोलिसांसमोर उघडावा. प्रामाणिक माणसाचे यात काही जात नाही. ज्याच्या मनात काळे आहे त्याला मात्र आपले नाव कोठेतरी नोंदलेले आहे ही जाणीव राहील, आणि तीच खरी राखण होय.

ही संस्था पोलीस असू नये, कारण त्यांचा छापा व त्यांची मदत यांतील फरक या स्त्रियांना अजून विश्वासाने करता येत नाही. ती दलालाची वा नफ्याच्या कंपनीची तर मुळीच असू नये. सांगलीची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, पुण्यातील सहेली संघ अशा या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटना महाराष्ट्रात आहेत. गोपनीय नोंदी ठेवण्याची शिस्तही आपल्याला नवी नाही. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली. कोलकात्यात १९९९ साली झालेल्या एका स्त्रीच्या खुनाच्या खटल्यातून पुढे आलेल्या १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना आधारपत्र देताना त्यांचा व्यवसाय सूचित करणारा कोणताही संकेत त्यावर असू नये, असे बजावले. ओळख पटवायची पण उघड करायची नाही, हे तत्त्व त्यात मान्य झालेलेच आहे.

या सूचनेवर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, त्यामुळे व्यवसायाला प्रतिष्ठा मिळेल. ओतशाळेतील कामगाराला शिरस्त्राण दिल्याने भट्टीची आच सुखकर होते असे कोणी म्हणत नाही. ती अटळ असेतो डोके फुटू नये एवढाच त्याचा अर्थ. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अल्पवयीन वा सक्तीने आणलेल्या मुलीचा छळ या पडद्याआड दडपला जाईल. म्हणून येथे रेषा स्पष्ट हवी. अठरा वर्षांखालील मुलगी किंवा जबरदस्ती असेल तेथे कोणाचीही गोपनीयता शिल्लक राहत नाही. लिफाफा त्याच क्षणी उघडला गेला पाहिजे. किंबहुना जेथे आज एकही नाव मागे राहत नाही, तेथे अशा गुन्ह्याचा माग लागण्यास या नोंदीचे साहाय्यच होईल.

१९९० साली मर्डीकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाचा निकाल देताना म्हटले होते की, स्त्रीचे चारित्र्य कसेही असो, तिच्या एकान्तावर अतिक्रमण करण्याचा अधिकार कोणालाही नाही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क ठरविला. गिऱ्हाईकही नागरिक आहे आणि ती स्त्रीही. १५ ऑगस्ट २०१८ पासून चाकणसह या सबंध पट्ट्यासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. मारहाणीची फिर्याद घेऊन आलेल्या स्त्रीवर तिच्या व्यवसायाबद्दल उलट कारवाई होणार नाही, असे या आयुक्तालयाने जाहीर करणे ही पहिली पायरी होय. दुसरी पायरी विधिमंडळाची व संसदेची: पिळवणूक करणारा दलाल आणि सोबत करणारी मैत्रीण यांतील भेद कायद्यात लिहिणे.

धुणेभांडी करणाऱ्या बाईचे नाव फाटकावर लिहून घेताना आपण क्षणभरही संकोच करीत नाही. तिच्यापासून आपल्याला असणारा धोका आपण आधीच गृहीत धरलेला असतो. परक्यापासून त्या दुसऱ्या स्त्रीला असणारा धोका मात्र आपल्या हिशेबात कोठेच नसतो. तो हिशेबात धरावा, एवढीच या लेखाची मागणी आहे.