मुलांचीं गळवें आणि घरांतील एकच पंचा

वैशाख लागला कीं घरोघर एखाद्या मुलाच्या मानेवर वा मांडीवर गळूं दिसूं लागतें, आणि वडील माणसें तत्काळ निर्णय देतात कीं, "आंबे फार झाले, उष्णता बाहेर पडते आहे." आम्हीही पुष्कळ वर्षें हाच निर्णय देत आलों. परंतु आंबा या बाबतींत निरपराधी आहे, हें आतां आम्हांस कबूल करणें भाग आहे.

इ. स. १८८० मध्यें स्कॉटलंडांतील अ‍ॅबरडीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनीं गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां त्यांस बारीक वाटोळ्या जंतूंचे घोस दिसले. ग्रीक भाषेंत द्राक्षांच्या घोसास 'स्टॅफिली' म्हणतात. त्यावरून या जंतूस १८८२ सालीं 'स्टॅफिलोकॉकस' हें नांव मिळालें. आमच्या मराठीनेंही 'केसतूड' या शब्दांत रोगाचें स्थान बरोबर ओळखलें होतें. कारण हा जंतु बहुधा केसाच्या मुळाशीं किंवा नखाच्या ओरखड्यांतून आंत शिरतो. उन्हाळ्यांत घामेजलेलें अंग मुलें खाजवितात, आणि त्यास वाट मिळते. पापणीवरील रांजणवाडी, आणि नाकातोंडाभोंवतीं मधाच्या रंगाच्या खपल्या धरणाऱ्या पुळ्या, हेंही पुष्कळदां त्याचेंच कर्तृत्व असतें.

सुमारें तीन निरोगी माणसांपैकीं एकाच्या नाकांत हा जंतु कांहींएक उपद्रव न देतां राहतो. तेव्हां तो घरांत कोठून आला हा प्रश्न व्यर्थ होय. तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हें पाहावें. एकत्र कुटुंबांत त्याचें वाहन म्हणजे न्हाणीघराच्या खुंटीवरील सर्वांचा एकच पंचा, आणि एकाच बोटानें चार मुलांस घातलें जाणारें काजळ.

हें ज्ञान आम्हांस स्वस्तांत मिळालें नाहीं. आमच्या सात वर्षांच्या नातवाच्या वरच्या ओठावर पुळी आली. आम्ही ती स्वहस्तें पिळली, आणि थोरल्या नातवाच्या औषधांतून उरलेल्या दोन गोळ्या त्यास दिल्या. दुसरे दिवशीं सकाळीं गाल सुजून त्याचा डोळा मिटला होता व अंग तापानें फणफणत होतें. सात दिवस इस्पितळांत शिरेंतून औषध द्यावें लागलें. सूनबाईंनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तें मौन आम्हांस अधिक लागलें.

तेथील डॉक्टरांनीं सांगितलें कीं, नाक व वरचा ओठ येथील शिरांचा मेंदूकडील शिरांशीं संबंध असतो. म्हणून तेथील पुळी कधींही पिळूं नये. गोळ्यांचीही गोष्ट तशीच. फ्लेमिंग यांस १९२८ सालीं पेनिसिलीनचा शोध लागला तो याच जंतूंच्या बशींत. परंतु आज यांतील बहुतेक जंतू साध्या पेनिसिलीनला दाद देत नाहींत, आणि मेथिसिलीनलाही न जुमानणारे जंतू इंग्लंडांत १९६१ सालींच आढळले. उरल्यासुरल्या गोळ्यांनीं दुर्बळ तेवढे मरतात आणि दांडगे मागें राहतात.

लहान गळूं असल्यास स्वच्छ फडकें सोसेल इतक्या ऊन पाण्यांत पिळून दिवसांतून तीन-चार वेळां दहा-दहा मिनिटें शेकावें. तें आपोआप फुटल्यास झांकून ठेवावें व हात साबणानें धुवावे. बिब्बा किंवा चुना लावूं नये. कातडी पोळून जंतूस नवी वाट होते. मोठें गळूं डॉक्टरांकडून चिरवून घेणें हाच मुख्य उपचार. औषध दिल्यास तें सांगितलेले सर्व दिवस द्यावें. ताप, भराभर पसरणारी लाली, डोळ्याभोंवतीं सूज, लंगडणें किंवा एखादा हात-पाय न हलविणें, अथवा भाजल्यासारखी सुटणारी कातडी, यांपैकीं कांहींही दिसल्यास, तसेंच तीन महिन्यांच्या आंतील बालकास पुळी आल्यास, त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. वारंवार गळवें येऊं लागल्यास एका मुलाची नव्हे, सर्व घराची चौकशी करवावी.

आमच्या न्हाणीघरांत आतां माणसागणिक खुंटी आहे, पंचे ऊन पाण्यांत धुवून उन्हांत वाळतात, आणि मुलांचीं नखें दर रविवारीं आम्ही स्वतः कापतों. एकत्र कुटुंबांत सुखदुःख अवश्य वांटून घ्यावें. पंचा मात्र ज्याचा त्याचा असावा.