पेडगांवचा विद्यार्थी आणि आमचीं विद्यापीठें

वेड पांघरून पेडगांवास जाणें, ही म्हण आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. त्या म्हणींतलें पेडगांव श्रीगोंदें तालुक्यांतलें, असें सामान्यतः सांगितलें जातें. आम्ही आज ज्याविषयीं लिहीत आहों तें पेडगांव परभणी तालुक्यांतलें, मनमाडच्या लोहमार्गावरचें. परंतु विद्यापीठीय शिक्षणाची आजची स्थिति पाहतां ती म्हण येथेंही लागू पडेल कीं काय, अशी शंका आम्हांस येऊं लागली आहे. वेड गांवानें पांघरलेलें नाहीं. सर्व कळत असून न कळल्याचें सोंग घेतलें आहे तें विद्यासंस्थांनीं, पालकांनीं आणि आम्हां सुशिक्षित म्हणविणारांनीं.

शंभर वर्षांपूर्वीं या भागांतला मुलगा उच्च शिक्षणास निघे तेव्हां त्याच्यापुढें मुख्यतः दोन वाटा असत. एक मनमाडावरून पुण्यामुंबईची, दुसरी राजधानीची, म्हणजे हैदराबादेची. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें व तेथें वरच्या परीक्षांपर्यंतचें शिक्षण उर्दूंतून सुरू झालें. देशी भाषेंत शास्त्रें शिकवितां येत नाहींत, हा समज या विद्यापीठानें खोटा पाडला. आणि तो नुसत्या घोषणेनें नव्हे. वर्ग भरण्याच्या आधींच, १९१७ सालीं, भाषांतराचें स्वतंत्र खातें काढून ग्रंथ तयार करविण्यास आरंभ झाला होता. हें श्रेय त्यास मोकळ्या मनानें दिलें पाहिजे. तथापि मराठी घरांतून आलेल्या मुलास उर्दूही शिकावीच लागे, हेंही तितकेंच खरें. पुढें १९३८ सालीं वंदेमातरम् म्हटल्याबद्दल त्या विद्यापीठांतून विद्यार्थी काढून टाकण्यांत आले, तेव्हां त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठानें आपलें दार उघडलें. विद्येसाठीं केवढी पायपीट करावी लागे, हें यावरून दिसेल.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर सर्वच पालटलें. उस्मानियाची भाषा इंग्रजी झाली. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें, आणि ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या विद्येची बंदी होती त्यांची मुलें तेथें बांकावर बसलीं. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १९७२ सालीं परभणीसच कृषि विद्यापीठ आलें. १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ झालें व परभणीचीं महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत गेलीं. हैदराबाद, मग औरंगाबाद, मग नांदेड : विद्यापीठ पेडगांवच्या जवळ जवळ येत गेलें. याचा आम्हांस अभिमानच आहे.

परंतु जें जवळ आलें तें काय ? पदवी आली; शिकवणें आलें काय ? मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें तेव्हां तें स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेई व पदव्या देई. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस अध्यापनाचा अधिकार दिला. तेव्हांपासून शहाण्यासुरत्यांचा प्रयत्न हा होता कीं, विद्यापीठ परीक्षेची कचेरी न राहतां गुरुशिष्यांचें घर व्हावें. आज चक्र फिरून मूळ जागीं येत आहे. पुष्कळ मुलें जूनमध्यें नांव घालतात आणि एकदम परीक्षेस उगवतात. मधल्या काळांत अपेक्षित प्रश्नांची पुस्तिका हाच त्यांचा गुरु. आणि जो खरा गुरु, तो कित्येक ठिकाणीं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरत्या मानधनावर, राबतो आहे. ज्याची स्वतःची पुढल्या वर्षाची शाश्वति नाहीं, तो विद्यार्थ्यास चार वर्षांची वाट काय दाखविणार ?

चार वर्षें म्हणण्याचें कारण, २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. २०२४-२५ पासून तें महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत आलें आहे. श्रेयांक साठवावे, मध्येंच शिक्षण सोडावें, पुन्हा परतावें, अशी त्यांत सोय आहे. एका सत्रांतले शेंकडा ४० पर्यंत विषय 'स्वयं' या सरकारी योजनेंतून, घरबसल्या यंत्रावर शिकण्यास २०२१ च्या नियमांनीं मुभा दिलेली आहे. आम्ही नव्याचे द्वेष्टे नव्हों. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानें १९८९ पासून कामकरी स्त्रीपुरुषांस घरीं बसून शिकण्याची संधि दिली, ती आम्ही मोठीच समजतों. परंतु तेथें शिकणारा बहुधा वयानें प्रौढ, आपली गरज ओळखणारा. अठरा वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी. मोबाइलवरचें व्याख्यान उत्तम असलें तरी त्याचा चेहरा गोंधळलेला आहे, हें त्या व्याख्यात्यास दिसत नाहीं. त्यांत तें व्याख्यान इंग्रजीत असलें, म्हणजे उस्मानियाच्या काळची अडचण नव्या वेषांत पुन्हा उभी राहते.

आतां आमचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. सरकारानें अध्यापकांच्या रिकाम्या जागा कायम स्वरूपानें भराव्या. विद्यापीठांनीं भाषांतराचें खातें काढून प्रत्येक विषयाचे ग्रंथ सोप्या मराठींत करवावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा मान मिळाला, पण मानानें पुस्तक तयार होत नाहीं. तासांच्या वेळा गाडीनें व एस. टी. नें येणाऱ्या मुलामुलींकडे पाहून ठरवाव्या.

आणि व्यापारी मंडळींस आमची विशेष विनंति आहे. मोंढ्यांत माल घेतांना आपण पोत्याचें तोंड उघडून मूठभर दाणे हातावर घेतां; वरच्या शिक्क्यावर भुलत नाहीं. मग मुलाच्या शिक्षणाचें पोतेंच तेवढें न उघडतां कां घेतां ? महाविद्यालयांत जाऊन निकाल विचारण्याआधीं, वर्षांत तास किती झाले व आपला मुलगा किती तासांस हजर होता, हें विचारा. ज्या शेतकऱ्यानें सोयाबीन विकून फी भरली त्यालाही हें विचारण्याचा हक्क आहे, हें त्यास सांगा.

इतकें झालें तर पेडगांवच्या मुलास गाडींत बसून कोठें जावयाचें तें कळेल. न झालें, तर आम्हीच सर्व मिळून वेड पांघरून बसलों आहों, असें पुढची पिढी म्हणेल. आणि तिला उत्तर देण्यास आमच्यापाशीं शब्द नसेल.