जाहीर आवाहन : दप्तर आणण्याआधी लसीचे कार्ड काढा

विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर, सौंदाळे आणि आसपासच्या वाड्यांतील सर्व पालक, आजी-आजोबा, शिक्षक, बागायतदार व नौकामालक यांस,

जूनमध्ये शाळा उघडतील. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या घरी जन्मदाखला, आधार, फोटो यांची जमवाजमव चालू आहे. या कागदांत लसीचे कार्ड बहुधा नसते, कारण त्यावाचून आपल्या शाळेतला प्रवेश अडत नाही. अडूही नये, शिक्षण हा मुलाचा हक्क आहे. पण प्रवेश अडत नाही म्हणजे लस नसली तरी चालते, असा अर्थ काढणे घातक आहे.

इतरत्र शाळेच्या दारातच लसीची विचारणा होते. जर्मनीत मार्च 2020पासून गोवराच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात ‘आमच्या मताविरुद्ध आहे’ एवढ्या कारणावर सूट मिळत असे. डिस्नेलँडमधून गोवर पसरल्यानंतर 2015च्या कायद्याने ती बंद केली. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात देवीची लस सक्तीची करणारे कायदे होते. आज शाळेसाठी देशभर लागू असलेली सक्ती नाही, त्यामुळे सूट मागण्याचा अर्जही नाही. सगळी जबाबदारी आईवडिलांवर आणि गावावर आहे.

मूल दोन वर्षांचे होईपर्यंत आशाताई घरी येऊन आठवण करतात. पुढच्या लसी विसरल्या जातात, आणि त्या नेमक्या शाळेच्या वयातल्या आहेत. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर घ्यायचा. तो घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांपासून राखतो. सात वर्षे उलटली की डीपीटी देत नाहीत. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात व घटसर्पाची) लस असते. गोवर-रुबेलाचे दोन डोस खरे तर दोन वर्षांच्या आत व्हायला हवेत. राहिले असतील तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मिळतात. या सर्व लसी तिथे मोफत आहेत.

हे आजार इतिहासजमा झालेले नाहीत. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात 2016 साली घटसर्पाने मुले दगावली. 2022च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवराची साथ पसरली, त्यातही बालके गेली. मुंबईहून रात्री सुटलेली गाडी सकाळी आपल्या गावात असते. मे महिन्यात आणि गणपतीला घरे भरतात, तेव्हा आजारालाही वेगळे तिकीट लागत नाही.

“टोचल्यावर पोराक ताप येता, मगे रात्रभर कोण जागतलो?” ही काळजी खरी आहे. एक-दोन दिवस ताप, टोचल्या जागी सूज येऊ शकते. ताईंनी सांगितलेले औषध द्यावे आणि लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नये.

खरी सूट काही मोजक्या मुलांना लागते. आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झालेले मूल, कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेले मूल यांच्याबाबत काय द्यायचे आणि काय टाळायचे, हे डॉक्टर ठरवतील. शेजारी किंवा व्हॉट्सॲपवरचा निरोप नव्हे. अशा मुलाचा बचाव वर्गातल्या बाकीच्यांच्या लसीवर अवलंबून असतो. गोवर रोखायला शंभरातल्या किमान 95 जणांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. म्हणून उगाच घेतलेली सूट त्या आजारी मुलाच्या जिवावर बेतते.

तेव्हा विनंती अशी :

• पालकांनी या आठवड्यात कार्ड काढून आशाताई किंवा आरोग्यसेविकेला दाखवावे. कार्ड हरवले असल्यास तसे सांगावे. लाजून घरी बसू नये. 1 जूनपासून मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात. त्या दिवसांत वडिलांनीही मुलाला घेऊन जावे.

• शिक्षकांनी पहिली, पाचवी आणि दहावीच्या पालकसभेत लसीचा विषय घ्यावा. कोणाचेही नाव सर्वांसमोर पुकारू नये, कोणत्याही मुलाला वर्गाबाहेर ठेवू नये.

• बागायतदार आणि नौकामालकांनी आपल्याकडे कामाला असलेल्या नेपाळी व परप्रांतीय कुटुंबांतील मुलांची नावे आशाताईंना कळवावीत. आंब्याचा हंगाम संपला की ही कुटुंबे गावी परततात. त्याआधी मुलांचे राहिलेले डोस व्हावेत.

• चाकरमान्यांनी सुट्टीवर येताना मुलांचे कार्ड सोबत आणावे.

• ग्रामपंचायतीने लसीकरण सत्राची तारीख बंदरावर, एसटी थांब्यावर, मंदिरात आणि मशिदीत कळवावी.

देवीचा रोग देशातून 1975 साली गेला, पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011मध्ये सापडला. दोन्ही वेळा घरोघरी फिरणाऱ्या माणसांना लोकांनी दार उघडले, म्हणूनच हे साधले. आता आशाताई दारात येतील तेव्हा कार्ड हाताशी ठेवा, आणि शाळेची घंटा होण्याआधी राहिलेला डोस पूर्ण करा.

आपला नम्र,
विजयदुर्गातील एक पालक