सतरा मुलींचा डांगोरा
३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली: १७ जणी. त्यांचे अभिनंदन, परंतु सरकारने श्रेय कशाचे घ्यावे? हे दार २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने उघडावयास लावले, आणि तेव्हाही पहिल्या वर्षी जागा मोजून १९! २०२० पर्यंत स्त्री-अधिकाऱ्यांकडे तुकड्यांचे नेतृत्व देण्यास केंद्राचा विरोध होता. युक्तिवाद शारीरिक मर्यादांचा. माण तालुक्यातील ललिता बाबर मात्र २०१६ सालीच रिओत अंतिम शर्यत धावली होती! उणीव आहे ती मैदानांची. शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, महापेकडील अवजड वाहनांची रीघ. तेथील कामगाराच्या मुलीने पहाटे धावावे कोठे? महापालिकेने मैदानांसाठी राखीव भूखंड मोकळे करावेत, ही मागणी शाखाशाखांनी आता लावून धरावी.